हट्टाचं भूत, काळे दात

"मूल कुरकुरलं की प्रसादाची गोळी. कुरकुरणार असं वाटलं, तर आधीच गोळी. वर पाणी नाही, चूळ नाही," असं महाराजांनी बजावलं होतं, आणि आजी ते पाळत होती. नेम पाळण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

तिची चार वर्षांची नात रडायला लागली की गल्लीतली कुत्री भुंकायची थांबत, म्हणून सगळे तिला भोंगा म्हणत. गोळी तोंडात गेली की भोंगा बंद. महाराज म्हणत, हट्टाचं भूत पळालं. पुढे भोंग्याचे दात काळे पडले, तेव्हा ते आणखीच प्रसन्न झाले. "भूत दातांवाटे निघतंय, माई. धुराने काळवंडणारच."

दर रविवारी महाराजांच्या सभागृहात आया मुलांचे ओठ वर करून एकमेकींना काळे दात दाखवत. "आमच्याचे अजून पिवळेच आहेत हो," एखादी खंतावून म्हणे.

मग भोंग्याचा गाल सुजला.

"दाढ किडली आहे," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दुधाचीच आहे ना? पडायचीच."

"पडेल वेळ आली की. पण पू खालच्या पक्क्या दाताला लागला तर? सोमवारी आणा, काढून टाकू. हिला देता काय?"

"काही नाही हो. रडली की प्रसादाची गोळी."

"आजी, राग आवरायलाही शिकावं लागतं, चालायला शिकतात तसं. तुम्ही तिला दर वेळी कडेवरच उचलताय. आणि गोळीत असतं काय?"

ते आजीने कधी विचारलंच नव्हतं.

वाटेत भोंग्याने विचारलं, "दाढ काढताना मी रडले तर?"

"रड की. मी हात सोडणार नाही, आणि तोंडात काही कोंबणार नाही. शब्द दिला."

रविवारी आजी सभागृहात उभी राहिली. तिच्यामागून, कुणी बोलावलं नसताना, आजोबाही. मंचावर एक मुलगा लोळून आकांत करत होता. गोळी गेली, मुलगा गप्प. सगळ्यांनी हात जोडले.

"महाराज, गोळीत काय असतं?" आजीने हळू आवाजात विचारलं.

"श्रद्धा."

"आणि शिवाय?"

"माई, शंका हेही भूतच. तुमच्या यजमानांच्या अंगात तर ठाण मांडून बसलंय."

"मग काढा की," म्हणत आजोबा मंचावर चढले. हा माणूस झोपेतही वाद घालायचा. गोळी तोंडात गेली, जबडा दोनदा हलला, आणि आजोबा चक्क गप्प झाले. क्षणभर आजीलाही वाटलं, हे खरं असतं तर घरात किती निवांत झालं असतं.

"पाहा, निघालं भूत," महाराज म्हणाले.

आजोबांनी दोन बोटं तोंडात घालून जोर लावला. गोळीसकट वरची कवळी बाहेर आली.

"भूत कुठलं?" ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "जबडा चिकटला होता." एक मूल फिदीफिदी हसलं, मग सगळीच.

आजीने दुसरी गोळी जिभेला लावून पाहिली. "साखरेचा पाक आहे. तार येऊन गेली तरी आटवलेला."

"माई, पाप लागेल."

"लागू दे. गोळीइतकं चिकटणार नाही." मग ती आयांकडे वळली. "बायांनो, लेकरू शांत होत नव्हतं, त्याला तोंड उघडता येत नव्हतं. राग आतच राहायचा, आणि साखर दातांत. मी रोज देवाला हात जोडते, पुढेही जोडीन. पण अक्कल त्यानेच दिली आहे, ती वापरली म्हणून तो रागावणार नाही. गोळ्या टाकून द्या. काळा दात म्हणजे कीड. डॉक्टरांना दाखवा, रोज दात घासा, आणि मूल रडलं तर का रडतंय ते त्याला विचारा."

सोमवारी सकाळी जप आटोपून आजी उठली. भोंग्याने ब्रश भिरकावला आणि गळा काढला. आजी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. बराच वेळ गेला. रडण्याचे हुंदके झाले. आजीने लांब श्वास घेऊन हळूच फुंकर मारली, भोंग्यानेही मारली. मग ब्रश तिने स्वतःच उचलला.

थोड्या वेळाने आजीने तिचा हात धरला आणि दोघी दवाखान्याच्या वाटेला लागल्या.