बहिरूचा घास

‘बहिरूच्या आधी घास तोंडात घालू नको, गोजरे.’

सासूचं ते अखेरचं बोलणं मनात घोळवतच गोजराबाईने तव्यावरची भाकरी काढली, चुलीतल्या आरावर फुगवली आणि टोपलीत ठेवली. खाल्ली मात्र नाही. ओट्यावर बसलेला हवालदार हैबतराव उघड्या दारातून तेच पाहत होता.

“खावा की वैनी. भाकरीला काय पोलिसाची नजर लागती?”

“माझा नेम हाय.”

“ठावं हाय. म्हणून तर हितं बसलोय. रान धुंडाळायला बाकीचे हायेत. तुमी घास घेतला, की समजायचं, दीर जेवून गेला.”

नेमाची गोष्ट शेजारच्या सारजाबाईच्या तोंडून पाणवठ्यावर सांडली होती. भोळी बाई, गोजराबाईची थोरवी सांगायला गेली आणि पोलिसांना वाट दाखवून बसली.

सासू गेली तेव्हा धाकटा दीर बहिरू नुकता चालायला लागला होता. पुढे नवराही गेला. पोटी काही नव्हतं. दिराला वाढल्यावाचून गोजराबाईने कधी पान घेतलं नाही. तो बाजारावरून दिवेलागणीला परतला, तर ती दिवेलागणीलाच जेवे.

मग धरण आलं आणि त्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली. त्यावर कुणीतरी चावडीत पुण्याचं वर्तमानपत्र वाचून दाखवलं, की मावळातले लोक राजीखुशीने जमिनी सोडताहेत. बहिरू तिथून उठला. रानडुकरांवरची ठासणीची बंदूक घोंगडीत गुंडाळून पुण्याला गेला. तिथे वर्तमानपत्राच्या एका कचेरीत त्याच्या गोळीने नुसत्या काचा फुटल्या. दुसरीत माणूस मेला.

डोंगरवाटांनी परतून तो वाघजाईच्या देवळामागच्या कपारीत शिरला. तिने एकदा भाकरी पोचवली, आणि लगोलग हैबतराव ओट्यावर येऊन बसला. तेव्हापासून दोघंही उपाशी. वर तो, खाली ती.

पिठाला हात घालताना तिला भोवंडल्यासारखं झालं. तिने छपराच्या मेढीचा आधार घेतला.

“मेला त्यो लिहिणारा व्हता का?” तिने एकाएकी विचारलं.

“कुटला लिहिणारा! लिहिणारे माडीवर बसत्यात. ह्यो खाली छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. गेणबा नाव. आपल्याच खोऱ्यातला, पल्याडच्या काठचा. शेत बुडालं म्हणून पोटामागं गेला व्हता.”

तिचा हात पिठातच राहिला.

“घरी कोण हाय त्याचं?”

“म्हातारी आई. अजून त्याचं ताट मांडती म्हणं.”

चुलीतलं लाकूड धुपू लागलं. धूर डोळ्यांत गेला तरी गोजराबाईने फुंकणी उचलली नाही. मग तिने पाण्याचा हात लावून आणखी एक भाकरी थापली.

“दादा,” ती म्हणाली. इतका वेळ तिने त्याला कशानेच हाक मारली नव्हती. “त्यो घावला तर?”

हैबतरावाचा अंगठा बंदुकीच्या पट्ट्यावरून फिरला. “सायबाचा हुकूम हाय. दिसला की गोळी.”

“आन् जेवताना दिसला तर?”

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

“पानावरल्या माणसाला उठवू नये, एवढं आमच्या आईनं शिकवलंय. त्याचं जेवण हुईस्तोवर मी म्होरं यायचो न्हाई. हात धुतला, की बेडी. गोळी न्हाई.”

“तुळशीवर हात ठिवून बोला.”

तो उठला. वहाणा काढून वृंदावनाजवळ गेला आणि मंजिऱ्यांवर तळहात ठेवून तेच पुन्हा बोलला.

गोजराबाईने भाकरी फडक्यात बांधल्या, वर ठेचा ठेवला. देवापुढे दिवा लावला. उंबरा ओलांडून गेली, थांबली, परत आत आली. कपारीत पाणी नव्हतं. त्याला हात धुवायला लागलं असतं.

तिने तांब्या काठोकाठ भरला आणि वाघजाईची वाट धरली. मागे अनवाणी पावलं वाजत होती. तिने वळून पाहिलं नाही. पाणी हिंदकळू नये म्हणून ती फार सावकाश चढत होती.