एकदाच विचारलं

मृणालिनी दामल्यांची पांढरी व्हॅन मिनरल पॉइंटच्या टेकड्यांत शिरली, तेव्हा मागच्या सहाजणांपैकी पाचजण झोपलेले होते. जागे होते फक्त बाळकाका. ते मॅपक्वेस्टच्या नकाशाचा प्रिंटआउट हातात धरून प्रत्येक वळण आधीच जाहीर करत होते.

"मृणालिनीताई, आता डावीकडे."

"काका, मी या रस्त्यानं वर्षानुवर्षं येतेय."

"तरी सांगितलेलं बरं."

मृणालिनी भूगर्भशास्त्रज्ञ. गेल्या वर्षी, म्हणजे २००४ मध्ये, ती निवृत्त झाली. ती राहायची त्या नेपरव्हिलमध्ये मुलांकडे सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आईवडील तिला दर उन्हाळ्यात दिसायचे. त्यांना ड्राइव्ह करता येत नाही, मुलं वीकेंडला आउटलेट मॉलमध्ये नेतात, बाकी दिवस खिडकीपाशी जातात. अशांना लहान गटानं, सावकाश, पायी गावाकडचा भाग दाखवायचा असं तिनं ठरवलं होतं. विस्कॉन्सिन राज्याचा हा कोपरा हिमनद्यांखाली आलाच नाही, म्हणून इथल्या दऱ्या खोल राहिल्या. पुढे शिसं काढायला इंग्लंडहून खाणकामगार आले आणि त्यांनी आपल्या गावातल्यासारखी दगडी घरं बांधली. "व्हिसा न लागणारं इंग्लंड," असं तिनं तिथल्या मराठी मंडळाच्या पत्रिकेत लिहिलं होतं.

ही पहिली सहल. पुढच्या सहली मात्र जोनवर अवलंबून होत्या. जोन मूळची इंग्लंडमधल्या डेव्हनची, लग्न करून इथं आलेली, आता एकटीच शेतावरच्या दगडी घरात पाहुणे ठेवणारी. सगळ्यांना पुरतील इतक्या खोल्या आणि शाकाहारी स्वयंपाक करायची तयारी, असं दुसरं ठिकाण त्या भागात नव्हतं. "हा वीकेंड नीट गेला तर सप्टेंबर-ऑक्टोबर तुम्हाला देते," ती फोनवर म्हणाली होती. "नाहीतर माझे पानगळ बघायला येणारे जुने पाहुणे आहेतच."

पोचल्यावर मृणालिनी बॅगा उतरवत राहिली. तेवढ्यात जोननं चहा मांडला. अंडं न घालता स्कोन, म्हणजे लोणी-जाम लावून खायचे छोटे इंग्लिश पाव, जमेपर्यंत फसलेले दोन घाणे तिनं कोंबड्यांना घातले होते. तिसरा फुलला होता. ती बशी घेऊन प्रत्येकापाशी गेली.

"नो, नो, थँक यू," बाळकाका म्हणाले.

"नो, नो," रत्नाकाकू म्हणाल्या.

बाकीच्यांनीही तेच म्हटलं. जोननं मान हलवली आणि बशी आत नेली.

रात्रीच्या जेवणात तेच झालं. मटाराचं सूप एकेक वाटी वाढलं गेलं, दुसऱ्या वाटीला सगळे नको म्हणाले, भांडं आत गेलं. मग वरच्या मजल्यावर चिवड्याच्या पिशव्या उघडल्याचा आवाज जिन्यापर्यंत आला.

सकाळी जोननं मृणालिनीला गोठ्यापाशी गाठलं.

"तुमच्या लोकांना माझं जेवण आवडलेलं नाही. त्यात कुणाची चूक नाही. पण पानगळीचे वीकेंड जुन्या पाहुण्यांना दिलेले बरे, असं मला वाटतं."

मृणालिनी सरळ बाळकाकांकडे गेली. "काका, काल तुम्ही नीट खाल्लं का नाहीत?"

"खायचं होतं हो!" बाळकाकांचा आवाज चढला. "ते लोणी, तो जाम! पण बाईंनी एकदाच विचारलं आणि बशी घेऊन गेल्या. एकदाच!"

"म्हणून अर्धपोटी झोपलात?"

"पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं? आधाशासारखं?" रत्नाकाकूंनी विचारलं.

हे जोनला समजावायला गेलं तर सबब सांगितल्यासारखं वाटेल, असं मृणालिनीला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "जोन, टेकडीवरच्या जुन्या खाणीपर्यंत जातोय. कुंपणाचं फाटक उघडायला तुम्हीच चला ना."

टेकडीवर मृणालिनीनं चुनखडीतले शंखांचे ठसे दाखवले. हेमचंद्रराव नागपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी ठशांवरून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे आपण समुद्राच्या तळाशी बसून दशम्या खाणार." रत्नाकाकूंनी तोवर डबा उघडला होता. पहिली दशमी त्यांनी जोनपुढे धरली.

"नो, थँक यू. माझा नाश्ता झालाय."

"अर्धी?"

"खरंच नको."

"मग पाव तरी. लसणाची चटणी आहे, घरची," म्हणत काकूंनी सबंध दशमीच तिच्या हातावर ठेवली. जोननं हाताकडे पाहिलं. ठेवायला जागा कुठं दिसेना, म्हणून तिनं खाल्ली. खाऊन झाली न झाली तोच दुसरी आली.

"पण मी नाही म्हटलं होतं," जोन मृणालिनीला हळूच म्हणाली.

हेमचंद्ररावांनी ते ऐकलं आणि सावकाश, वर्गात शिकवल्यासारख्या इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, आम्ही ते ऐकलं. पण आमच्यात पहिलं 'नाही' मोजत नाहीत."

जोन चावायची थांबली. "मोजत नाहीत? मग काल..."

"काल तुम्ही एकदाच विचारलंत," बाळकाका म्हणाले. त्यांच्या स्वरात अख्ख्या रात्रीची भूक होती.

जोन शेजारच्या दगडावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चटणीचाही त्यात वाटा असावा.

"किती वेळा विचारायचं असतं?"

सहाजणांनी सहा उत्तरं दिली.

"आणि कुणाला खरंच नको असलं तर? ते कसं ओळखायचं?"

"ताटावर हात आडवा धरतात," रत्नाकाकूंनी पंजा पसरून दाखवला. "असा. मग वाढायचं नाही." त्यांनी जरा विचार केला. "शक्यतो."

त्या दुपारी स्कोनची बशी टेबलाभोवती फिरत राहिली. बाळकाका दोनदा नको म्हणाले आणि तिसऱ्या वेळी एकदम दोन उचलले. "यू मस्ट," जोन प्रत्येकाला दटावत होती, "नाहीतर मला राग येईल." हे वाक्य तिला रत्नाकाकूंनी शिकवलं होतं. हेमचंद्ररावांना मधुमेह. त्यांनी हात आडवा धरला, तेव्हा बोटांत फट तर ठेवलेली नाही ना, ते वाकून बघून मगच ती पुढे गेली.

पण पानगळीबद्दल ती काही बोलली नाही, आणि मृणालिनीला विचारायचा धीर झाला नाही. रविवारी बॅगा चढल्या, सगळे व्हॅनमध्ये बसले, तेव्हा जोन डायरी घेऊन बाहेर आली.

"सप्टेंबरचे दोन वीकेंड आणि ऑक्टोबरचा एक. तुमच्या नावावर लिहू?"

"नो, नो," मृणालिनी म्हणाली, "तुमचे जुने पाहुणे येतात, त्यांची कशाला अडचण..."

बोलता बोलताच तिला कळलं आपण काय म्हणतोय ते. तीस वर्षं अमेरिकेत काढली होती, मीटिंगांमध्ये हो आणि नाही स्पष्ट म्हणायला ती शिकली होती, आणि नेमकं आत्ता हे तोंडातून आपोआप निघालं होतं. मागे व्हॅनमध्ये बाळकाकांनी कपाळाला हात लावला.

जोननं डायरी मिटली नाही. तिनं मृणालिनीच्या हातांकडे पाहिलं. एका हातात व्हॅनची किल्ली होती, दुसरा नुसताच खाली सोडलेला.

"हात आडवा नाही," जोन म्हणाली आणि पेन्सिलीनं लिहायला लागली.

"मृणालिनीताई, बाईंना म्हणावं, नोव्हेंबरचंही एकदा विचारा," रत्नाकाकू खिडकीतून म्हणाल्या.