उलटी फिल्म

“ती चादर नका देऊ, तिच्यातून उजेड येतो. ब्लँकेट द्या,” स्टुलावर चढलेली ती म्हणाली.

नवऱ्याने मुकाट्याने ब्लँकेट वर दिलं. भर दुपारी खोलीत अंधार करायचा म्हणजे खिडकीची फट न् फट बुजवावी लागे. पूर्वी हे काम बिट्टीचं होतं. बिट्टी त्यांची एकुलती एक मुलगी. तिला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, आणि तेव्हापासून या खिडकीवर कुणी ब्लँकेट टांगलं नव्हतं.

तो डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. अख्खी गल्ली त्याला कंपाउंडर म्हणे, त्यामुळे ती कुठलंही औषध न ओळखता कंपाउंडरीणबाई झाली होती. दिवसभर तो बाटल्या भरायचा, पुड्या बांधायचा आणि सुटीच्या दिवशी छोटा किल्लीचा कॅमेरा गळ्यात अडकवून माणसं टिपायचा. हलती-चालती, रंगीत, मुकी माणसं. दुसरं व्यसन नव्हतं. “तुमची दुसरी बायको,” असं ती त्या कॅमेऱ्याला म्हणायची, पण त्याचं भिंग पुसायला स्वतःचा मऊ रुमाल द्यायची.

“झालं का तुमचं? का मी अंधारातच चहा पिऊ?” खुर्चीत बसलेल्या वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. राहायला गल्लीच्या टोकाला, आणि जीभ मात्र इथपर्यंत पोचणारी. फिल्मचं पाकीट येऊन पडलं होतं आणि दोघांपैकी कुणीही ते फोडत नव्हतं, हे कळताच त्या येऊन बसल्या होत्या.

“ताई, घाई करू नकोस. एकच आहे ती,” तो म्हणाला.

एकच. हाच त्याचा जुना हट्ट. फोटोवाल्याने कितीदा सांगितलं होतं, “कंपाउंडर, निगेटिव्हची फिल्म घ्या, हव्या तेवढ्या कॉप्या काढता येतील.” याचं उत्तर ठरलेलं असे. “मूळ पट्टी डब्यात ठेवायची आणि आपण नक्कल बघायची? नको. माझी उलटी फिल्मच बरी.” कॅमेऱ्यातून गेली तीच पट्टी धुऊन, रंग लेऊन घरी येते. मुलीच्या तोंडावरचा उजेड जिच्यावर पडला, तीच भिंतीवर सिनेमा दाखवणाऱ्या मशीनमधून फिरते. मधे परकं कुणी नाही. लाल रंग तर असा उतरतो की भिंतीला हात लावावासा वाटतो.

“उलटी फिल्म?” वन्संनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं. “अरे, दवाखान्यात दिवसभर उलट्याच बघतोस ना? घरी तरी काही बरं बघ.” त्यावर बिट्टी इतकी हसली होती की तिला ठसका लागला.

त्या फिल्मचं अजून एक उलटं होतं. तिची पट्टी दुप्पट रुंद असे. एका अंगाने फिल्म संपली की कॅमेरा उघडून रीळ उलटवायची आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा चालवायची. नाहीतर टिपलेल्यावरच टिपलं जायचं. विसरू नये म्हणून तो मोठ्याने विचारायचा, “उलटली?” आणि बिट्टी असेल तिथून ओरडायची, “पालटली!” मगच झाकण बंद.

शेवटच्या रिळीच्या पहिल्या अंगावर बिट्टी होती. लाल स्वेटर घालून घरभर फिरणारी, आजारातून नुकतीच उठलेली. निदान तसं वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिला पुन्हा इस्पितळात न्यावं लागलं. कॅमेरा नवी रीळ घालून तिथे न्यायचा म्हणून त्याने ब्लँकेटखाली चाचपडत अर्धी झालेली रीळ काढली, मागे गुंडाळली आणि डबीत ठेवली. कॅमेरा इस्पितळात कधी उघडलाच नाही.

वर्षाने त्याने डबी काढली. अर्धी कोरी फिल्म धुवायला पाठवणं त्याच्या जिवावर आलं. पण टिपायचं काय? त्याने घरच टिपलं. रिकामी खुर्ची, कपाट, दाराआडची तिची सायकल. कॅमेऱ्यात रीळ घालताना त्याने सवयीने विचारलं होतं, “उलटली?” बायको तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू आलं होतं. ओठांवर शब्द आलाही होता, पण तो बिट्टीचा शब्द होता. तिने नळ सोडला. थोड्या वेळाने झाकण लागल्याचा आवाज आला.

“लाव रे आता,” वन्सं म्हणाल्या.

मशीन खडखडू लागलं. भिंतीवर खुर्ची आली. आणि त्या खुर्चीतून बिट्टी उठली.

कुणालाच काही कळेना. बिट्टी चालत होती आणि तिच्यातून कपाटाचं दार दिसत होतं. पट्टी दोनदा उजेड प्यायली होती, त्यामुळे सगळंच फिकटलेलं. बिट्टी खिडकीपाशी गेली की पुसली जायची, कपाटाच्या सावलीत आली की पुन्हा उमटायची. तेवढ्यापुरता स्वेटर खरा लाल.

“उलटवलीच नाही मी,” तो म्हणाला. आवाज असा, जणू कुणाला चुकीची पुडी बांधून दिली होती. “घर... तिच्यावरच टिपलं. दुसरी कॉपी नाही गं आपल्याकडे. एवढी एकच होती.”

“मी ओ दिली नाही तुम्हाला,” ती म्हणाली. “ऐकलं होतं मी.”

वन्सं म्हणाल्या, “पोर ओळखू येतेय ना? मग एकमेकांत दोष वाटत बसू नका.” आणि चहाचा कप तिथेच ठेवून, भिंतीला धरत धरत त्या निघून गेल्या.

“परत लावा,” ती म्हणाली.

“प्रत्येक वेळी पट्टी झिजते. म्हणून सांगतो...”

“लावा हो.”

दुसऱ्यांदा तिला दिसलं. नवरा घर टिपत असताना ती स्वतः कपड्यांची चळत घेऊन खोलीतून गेली होती. भिंतीवर ती दारातून आत आली. समोर, कपाटाच्या सावलीत, बिट्टी उभी राहून हसत होती. ती आपल्याच तंद्रीत सरळ चालत आली आणि मुलीच्या आरपार निघून गेली.

“मला दिसली नाही हो,” ती म्हणाली.



मग भिंत काळी झाली. फिल्मचं दुसरं अंग सुरू झालं होतं, उजेड न लागलेलं. निगेटिव्ह असती तर कोरी पट्टी उजळ दिसली असती, ही उलटी म्हणून काळी. तो मशीन बंद करायला उठला. तिने त्याची बाही धरली. दोघं खडखडाट ऐकत काळ्या भिंतीकडे बघत बसली.

थोड्या वेळाने त्या काळ्यात एक बारीक हिरवट रेघ उमटली आणि थरथरत खाली धावू लागली.

“बघ, ओरखडा पडला,” तो म्हणाला.

“पडू दे,” ती म्हणाली.

पट्टी संपेपर्यंत दोघं ती रेघ बघत राहिली.