आधी पाणी समजून घे

गाडी शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. आबांनी सगळी नोकरी त्या दुसऱ्या ब्रेकवर काढली. शिकणारा आरशात बघायला विसरला, की ब्रेक. वळताना दिवा उशिरा दिला, की ब्रेक. कधी सगळं बरोबर केलं तरी ब्रेक, कारण बरोबर का झालं हेही कळायला नको का? त्यामुळे आबांच्या हाताखालून निघालेल्या माणसाला नियम झोपेतही म्हणता येत. गाडी मात्र फारशी पुढे गेलेली नसे.

निवृत्त झाल्यावर गाडी सुटली आणि हातात रिमोट आला.

आबांना लहानपणापासून एकच वेड होतं, जपानी ॲनिमेशनच्या चित्रपटांचं. 'कार्टून' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. नऊ वर्षांचे असताना शाळेच्या सभागृहात कोणा पाहुण्याने एक चित्रपट आणून दाखवला होता. गावातल्या पाण्याच्या हौदात एक देवमासा राहतो आणि एका मुलीशिवाय तो कोणालाच दिसत नाही, अशी ती गोष्ट. भाषा कोणालाच येत नव्हती, पडद्यावर खाली अक्षरंही नव्हती, आणि पाहुणा यंत्र सुरू करून चहाला निघून गेला होता. आबा आ वासून बसले ते बसलेच. घरी आल्यावर कितीतरी दिवस ते आंघोळीच्या बादलीत वाकून बघत होते.

तेव्हापासून त्यांनी मिळेल तो जपानी चित्रपट पाहिला. कॅसेटी झाल्या, मग तबकड्या झाल्या, त्यांना एक कपाट झालं आणि कपाटाला कुलूप झालं. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "माझे डोळे चेहऱ्यात मावतात ना, एवढंच माझं चुकलं. कपाळापासून गालापर्यंत असते, तर यांनी माझ्याकडेही पाहिलं असतं."

आबांनी समविचारी लोकांचं एक मंडळही काढलं होतं. त्यात ते स्वतः, एक चष्म्याचे दुकानदार आणि एक निवृत्त नर्सबाई, असे तीन सभासद होते आणि गट चार होते. चौथा गट कसा, तर आबांची दोन मतं होती.

आता हे सगळं वेड पुढे द्यायचं कोणाला? मुलगा तर चित्रपट सुरू झाला की घोरायचा. आबांनी मग सगळी आशा नातीवर ठेवली. नातीला घरात मुंगी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नव्हती. आबांनी ती आठ वर्षांची होईपर्यंत वाट पाहिली. आधी दाखवलं तर कोवळ्या मनाला पेलायचं नाही, आणि उशीर केला तर मन निबर व्हायचं. अंड्यासारखंच मनही वेळेवर उकडावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. तोवर मुंगीने शेजारच्या मैत्रिणीच्या फोनवर एक नाचणारा बटाटा पाहून ठेवला होता आणि तिला तो फार आवडला होता. हे आबांना कोणी सांगितलं नव्हतं.

सून हिशेबाची पक्की. तिने आधीच बजावलं, "बाबा, मुंगीची रविवारची दुपार तेवढी मोकळी असते. स्केटिंगचा वर्गही तेव्हाच आहे. तुमचा चित्रपट तिला आवडला तर रविवार तुमचे. नाही आवडला तर पुढच्या रविवारपासून ती स्केटिंगला जाईल."

"आवडला तर म्हणजे काय?" आबा हसले. "मासोळीला पोहणं आवडेल का, असं विचारतेस."

रविवारी पडदे ओढले, त्याच देवमाशाच्या चित्रपटाची तबकडी लावली. पडद्यावर आकाश आलं आणि आबांनी रिमोट दाबला. आकाश थांबलं.

"हे ढग बघ. हाताने रंगवलेत. एकेक."

"हो."

"नुसतं हो नको. बघ."

मुंगीने ढग बघितले. चित्रपट चार पावलं पुढे गेला आणि पुन्हा थांबला. इथे वारा डावीकडून का येतो? थांबला. मुलीच्या एका पायातला मोजा खाली का घसरलाय? थांबला. घसरलेल्या मोज्यावर आबा इतकं बोलले की आतून आजींनी विचारलं, "कोणाचा मोजा हरवलाय का?"

दुपार उतरू लागली तरी हौदातून देवमासा काही वर आला नव्हता.

"आबा, देवमासा कधी येणार?"

"घाई करायची नाही. आधी पाणी समजून घे."

मुंगीने थोडा वेळ पाणी समजून घेतलं. मग ती उशी घेऊन आडवी झाली, मग उशी तिथेच राहिली आणि मुंगी नाहीशी झाली. आबांना ते कळायला वेळ लागला, कारण ते तेव्हा पडद्याकडे बोट करून पाण्यातल्या प्रतिबिंबाबद्दल सांगत होते.

स्वयंपाकघरात मुंगी आईला सांगत होती, "मला स्केटिंगच चालेल. तिथे निदान पडता तरी येतं."

हे आबांनी ऐकलं. त्यांनी तातडीने मंडळाची बैठक बोलावली. चष्मेवाल्यांनी चूक लगेच ओळखली. पडदा फार जवळ होता. नर्सबाईंनी त्याहून खोलवर जाऊन चूक काढली. मंडळाचा नियम असा की शेवटी नावं सरकायला लागली की सगळ्यांनी उभं राहायचं आणि शेवटचं नाव जाईपर्यंत हलायचं नाही. या मुलीला आधी उभं राहायला शिकवायला हवं होतं.

"पण आम्ही नावांपर्यंत पोचलोच नाही," आबा म्हणाले.

"म्हणजे तयारी कमी पडली," नर्सबाई म्हणाल्या. "चित्रपटाआधी एक तास प्रस्तावना ठेवा."

आबांना ते इतकं पटलं की ते प्रस्तावनेचे मुद्दे पुटपुटतच घरी आले. सून ओट्याशी भांडी पुसत होती. तिने ते मुद्दे ऐकले आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"बाबा, एक विचारू? लहानपणी तुम्हाला तो चित्रपट कोणी समजावून सांगितला होता?"

"कोणी नाही. म्हणून तर समजायला इतकी वर्षं लागली."

"आणि आवडायला?"

आबा पातेल्याचं झाकण शोधू लागले. सून म्हणाली, "लग्नाआधी मी तुमच्याकडेच गाडी शिकले, आठवतंय ना? गाडीचा नियम न् नियम मला पाठ होता. पण गाडी मी खरी चालवली ती तुम्हाला ताप आला आणि तुम्ही मागच्या सीटवर झोपलात त्या दिवशी. तुम्हाला घरी कोणी आणलं होतं?"

हे आबांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आपण त्या दिवशी घरी कसे पोचलो, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

"मला आणखी एक रविवार दे," ते म्हणाले.

"देते. पण रिमोट मुंगीकडे. आणि तुम्ही अवाक्षर काढायचं नाही. काढलंत, की मी स्केटिंगचे बूट आणायला निघाले."

दुसऱ्या रविवारी आबांनी तोंडात मूठभर शेंगदाणे भरून घेतले, सावधगिरी म्हणून. मुंगी रिमोट मांडीवर घेऊन राणीसारखी बसली होती. आकाश आलं, ढग आले. कोणी काही बोललं नाही. वारा डावीकडून आला आणि गेला. मोजा घसरला, त्याचं स्पष्टीकरण आबांच्या घशापर्यंत आलं आणि शेंगदाण्यांबरोबर परत गेलं. मग पाणी हललं आणि देवमाशाचा एक डोळा वर आला. मुंगी उशीवर गुडघे टेकून उंच झाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. पडद्यापेक्षा तिच्याकडेच ते जास्त पाहत होते, आणि हे आपण आयुष्यात पहिल्यांदा करतोय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग ती जागा आली. मुलगी हौदाच्या काठावर बसते आणि संत्रं सोलते. एवढंच. ना संगीत, ना बोलणं, नुसतं संत्रं. या संत्र्यावर मंडळात दोन वर्षं वाद चालला होता. ते मावळता सूर्य आहे असं चष्मेवाले म्हणत. ते मेलेल्या आईची आठवण आहे असं नर्सबाई म्हणत. आबांच्या मते दोन्ही. मुंगीचा अंगठा रिमोटवर सरकला, तसा आबांनी श्वास धरला. आता ही पोर चित्र पुढे पळवणार. पन्नास वर्षांचं संत्रं एका बोटाने पळवणार.

मुंगीने बटण दाबलं. चित्र थांबलं.

"आबा, कळलं का तुम्हाला?"

आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दारात सून उभी होती.

"नाही ना? मी सांगते. तिला भूक नाहीये. ती हात चिकट करून घेतेय. म्हणजे आईने हाक मारली की ती म्हणेल, थांब, हात धुते. आणि हात कुठे धुणार? हौदातच ना. म्हणजे देवमासा अजून थोडा वेळ भेटेल. कळलं?"

हे साफ चूक होतं. या विषयावर लिहिलेलं सगळं आबांनी वाचलं होतं आणि त्यात चिकट हातांचा कुठे उल्लेखही नव्हता. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते दाराकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनी मान हलवली.

"नुसती मान नको," मुंगी म्हणाली. "नीट बघा." आणि तिने संत्रं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

त्यानंतर ती दर थोड्या वेळाने थांबत गेली. देवमासा हसत का नाही? कारण त्याचे दात पडलेत. म्हातारा पोलीस का रडतो? कारण त्यालाही मासा दिसतो, पण पोलिसांना असं दिसलेलं चालत नाही. ही दुसरी गोष्ट आबांनी कुठेच वाचली नव्हती. ते थोडे पुढे सरकून बसले.

दिवेलागणीला सुनेने आत येऊन विचारलं, "झाला का? आवडला?"

"अर्धा पण नाही झाला," मुंगी वैतागून म्हणाली. "आबांना पटकन कळतच नाही. सारखं थांबावं लागतं. आता उरलेला पुढच्या रविवारी."

"मग स्केटिंग?"

"आई, यांना असं अर्धवट सोडून कसं जाऊ?"

सुनेने आबांकडे पाहिलं. आबांनी शेवटचा शेंगदाणा गिळला आणि आपल्याला खरोखरच काही कळलेलं नाही, असा चेहरा केला. पोलिसाच्या बाबतीत तर तो खराच होता.