बुडाले नव्हते, उलटले होते

मी बोलतेय, एक पिवळी कयाक. होडी म्हणा, चालेल. पण इथं मला गाडीतून उतरवलं तेव्हा एकानं "ढोराची नांद आली वाटते" असं म्हटलं होतं, तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यातला. बुटकी, रुंद बुडाची, चपट्या नाकाची. आमची जातच उलटणारी. खळाळत्या पाण्यात नाक खुपसायचं, हवेत उसळायचं, कोलांटी मारायची आणि परत सरळ व्हायचं, याचेच आम्हाला गुण मिळतात. सरळ चालणं मला जमत नाही, वल्हं मारलं की मी गिरकी घेते. अशीनं सरकारी कामात पडू नये, पण नशीब.

बुलडाणा जिल्ह्यात पर्यटन वाढावं म्हणून एका कार्यालयानं मला मागवलं. साहेबांना हवी होती छताची बोट, सहकुटुंब बसता येईल अशी. आली मी. साहेब हौसेनं माझ्यात बसले आणि कमरेत अडकले. दोघा शिपायांनी काखेत हात घालून त्यांना उपसून काढलं. त्या दिवसापासून माझा मुक्काम मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत. दसऱ्याला तेवढं नाकावर हळदकुंकू आणि झेंडूचा हार. बाकी वर्षभर माझ्या पोटात जुने बॅनर.

तिथून मला सोडवलं सुचितानं. जानेफळकडचे भाजीपालावाले कारभारी आणि रुखमाबाई, त्यांची ही लेक. शिकायला बाहेर गेली आणि कयाकचं वेड घेऊन आली. कार्यालयाचे उंबरे झिजवून तिनं मला मागून घेतलं. धरणाच्या दाराखाली खडकावर पाणी आपटतं आणि मागं वळून उसळतं, त्या जागी आमचा सराव सुरू झाला. तिच्या कमरेला रबरी घागरा असे. तो माझ्या तोंडावर ताणून बसवला की थेंबभर पाणी आत येत नाही. आम्ही उलटायचो, ती पाण्याखालूनच कमरेचा हिसका देऊन वल्हं फिरवायची आणि आम्ही सरळ. मला काय सुख वाटायचं म्हणून सांगू.

कारभारींना मात्र हे बघवत नसे.

"तू उलटी झाली का मी डोये मिटून घेतो, बाई."

"बाबा, उलटं होणं हाच खेळ हाय."

"मंग सरळ बसून खेळ ना काही. कॅरम खेळ."

सप्टेंबरात धरण भरलं, दारं उघडली, आणि ओव्हरफ्लो पाहायला ही गर्दी लोटली. भज्यांच्या गाड्या, भाजलेली कणसं, फोटो. गर्दी आयती मिळाली म्हणून कार्यालयानं तिथंच जलक्रीडा महोत्सवाचा मांडव ठोकला. मंचावर इतके मान्यवर चढले की पाण्यात उतरायला आम्ही दोघी आणि बाहेरगावचे चार-दोन खेळाडूच उरलो. प्रमुख पाहुणे भगवंतराव, माजी सभापती. त्यांनी उद्घाटनाचा नारळ माझ्याच नाकावर आपटला. माझं अंग लवचिक, नारळ टुणकन उडून त्यांच्या गुडघ्यावर बसला. लगेच मी अपशकुनी ठरले.

सुचिताचं लक्ष मंचाकडे नव्हतंच. राज्याच्या युवा संघासाठी निवड करायला अनुपमाताई आल्या होत्या. वयाची अट होती. यंदा नाही तर कधीच नाही. प्रत्येकाला दोन फेऱ्या.

पहिल्या फेरीत आम्ही झकास शिरलो. एक गिरकी, दुसरी गिरकी, मग उलटलो. सुचितानं हिसक्यासाठी कंबर वळवली, तोच वरून धपाधप माणसं पडली. "बुडाली, पोट्टी बुडाली" म्हणत ट्रॅक्टरची ट्यूब, दोर, सगळं आलं. सगळ्यात आधी माझं शेपूट धरलं ते कारभारींनी. मला सुचितासकट काठाच्या दगडगोट्यांवर ओढत नेलं. एकजण तिचं पोट दाबून पाणी काढायला बसला. पोटात पाणी नव्हतं, पोहे होते.

"दुसऱ्याचा हात लागला. फेरी बाद," अनुपमाताई म्हणाल्या. "आता एकच उरली."

पण माईक भगवंतरावांच्या हातात होता. "आज आपल्या वीरांनी एका लेकीचा प्राण वाचवला. असा जीवघेणा खेळ आपण इथंच थांबवू आणि वीरांचा सत्कार करू." शाली तयारच होत्या. आपल्याकडे माणूस बुडायच्या आधी शाल तयार असते. पहिलं नाव पुकारलं कारभारींचं.

सुचिता ओल्या अंगानं त्यांच्यापुढं उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. "बाबा, मी बुडून नोती राह्यली. मी सरळ होऊन राह्यली होती."

 कारभारी मंचावर गेले, खांद्यावर पडलेली शाल काढली आणि माईक ओढून घेतला. "हे वापस घ्या. पोट्टी बुडाली नोती. म्याच तिचा डाव मोडला. तिचा एक डाव बाकी हाय, तो खेळू द्या."

"अन् काही झालं तं जबाबदारी कोणाची?" भगवंतरावांनी विचारलं.

"बाप मीच हावो."

खाली येऊन ते काठावर उभे राहिले. नदीकडे पाठ, गर्दीकडे तोंड, दोन्ही हात पसरलेले, डोळे गच्च मिटलेले. "कोणी पाय पुढं टाकू नका."

आम्ही शिरलो. नाक खुपसलं, पाण्यानं आम्हाला वर फेकलं, आणि नदीचा अख्खा काठ मला खाली डोकं वर पाय दिसला. भगवंतरावही उलटे. त्या कोलांटीत माझा आजवरचा सगळा कोंडमारा धुऊन निघाला.

"झाली का सरळ?" कारभारी विचारत होते. लोक व्हिडिओ काढण्यात गुंग, कोण सांगणार? शेवटी रुखमाबाई म्हणाल्या, "झाली. हासून राह्यली."

सुचिताची निवड झाली. ती गेली, तिकडं तिला नवी कयाक मिळाली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पेपरात बातमी आली, 'बुडणाऱ्या तरुणीला जीवदान', वर भगवंतरावांचा फोटो. कार्यालयानं मला परत नेलं, मी पुन्हा खुर्च्यांच्या खोलीत आहे.

त्या दिवशी व्हिडिओ पुष्कळांनी काढले. पण सगळ्यांत मधोमध हात पसरलेले कारभारी. बाजाराच्या दिवशी ते इकडे येतात, चौकीदारासमोर मोबाइल धरतात आणि विचारतात, "यात माही पोट्टी कोठी दिसते का रे भाऊ?" त्यांच्या कोपरामागं, हवेत, एक पिवळा ठिपका आहे. ते त्याच्यावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहतात.

म्हणून एवढंच मागते. धरण पुन्हा भरेल, सुचिता घरी येईल, तेव्हा मला बाहेर काढा. मंच नको, हार नको. काठावर एक खुर्ची टाका आणि कारभारींना तिच्यात बसवा, नदीकडे तोंड करून.