कानसच्या मागावर

माझं काम ऐकून आई म्हणते, "म्हणजे दुसऱ्यांची माणसं पळवायची!" तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही. नोकरी शोधणारे आपण होऊन दारात येतात. मला हवे असतात ते कामात बुडालेले, नोकरी बदलायचा विचारही न करणारे. त्यांना मी इंटरनेटवर हेरते, त्यांच्या लिहिण्यावर महिनोन्‌महिने डोळा ठेवते आणि बरी जागा निघाली की गाठते.

'कानस' असाच सापडला. प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्यांच्या एका गटात तो या टोपणनावाने लिहायचा. कुणाचा साचा चिकटतोय, कुणाच्या झाकणाला जास्तीची कड येतेय, हा पठ्ठ्या नुसता फोटो बघून दुखणं सांगायचा, तेही न खेकसता. एका मोठ्या कारखान्याला साचे विभागासाठी प्रमुख हवा होता. आलेल्या प्रत्येकाला तिथल्या साहेबांनी नाक मुरडलं होतं. मी कानसची उत्तरं पाठवली, तर म्हणाले, "यालाच आणा."

जागेबद्दल काही न बोलता मी त्याला आधी एवढंच लिहिलं, की तुमचं काम बघायचंय. त्याने आपल्या टेबलाचा फोटो पाठवला. मागच्या भिंतीवर पाटी होती, 'हत्यारं जागेवर ठेवा, नाहीतर मी जागेवर राहणार नाही.' ते तिरकं अक्षर माझ्या सख्ख्या भावाचं.

म्हणजे कानस दादाकडेच कामाला होता. दादाचा कारखाना म्हणजे एक शेड आणि मोजकी यंत्रं. "नवा माणूस मिळाला म्हणून तरलो, नाहीतर कुलूपच लागलं असतं," असं वहिनी फोनवर सारखं म्हणायची. मी नेमका तोच माणूस उचलायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी शेडमधल्या केबिनमध्ये जाऊन दादाला सगळं सांगितलं. "मी कळवते त्यांना, माणूस तयार नाही म्हणून. कुणाला पत्ता लागणार नाही."

दादाने फडक्याला हात पुसले. "त्याला विचारलंस?"

"नाही."

"मग तो तयार नाही हे तुला कुणी सांगितलं?"

"अरे, तो गेला तर तुझं काय?"

"माझं मी बघेन. तुझी अक्कल या शेडमध्ये मावायची नाही, असं मी त्याला कितीदा म्हटलं. त्याला वाटतं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय."

"मग आता तूच सांग."

"मी सांगितलं तर घालवतोय असं वाटेल त्याला. तू लिही."

मला दादाचा मनस्वी राग आला. मी त्याला वाचवायला धावत आले होते आणि हा वाचायलाच तयार नव्हता. तरी निरोप लिहिला. दादाने तो वाचला आणि म्हणाला, "'प्रमुख' हे आधी टाक. खाली नको." मी ते वर घेतलं आणि पाठवलं.

केबिनच्या काचेपलीकडे, त्या पाटीसमोर, कानस पाठमोरा उभा होता. यंत्राच्या घरघरीत त्याला फोन वाजलेला ऐकू गेला नाही. मला, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं.

दादा उठला, बाहेर गेला आणि त्याने मेन स्विच बंद केला. सगळी शेड गप्प झाली.

"फोन वाजलाय तुझा," तो कानसला म्हणाला. "आत्ताच बघ."