आठ नंबरच्या पेटीत काय होतं?

मी बोलतेय हे कुणाला सांगू नका. मी गप्प राहावं यासाठीच मला बनवलं आहे. मी विज्ञानाच्या वर्गातल्या कपाटातली आठ नंबरची पेटी. माझ्या पोटात काय आहे ते मुलांनी ओळखायचं आणि मी हूं की चूं करायचं नाही, एवढंच माझं काम.

आम्ही बारा बहिणी. विज्ञानाच्या बाईंचा धाकटा भाऊ सुतार होता. कुठल्याशा दाराची उरलेली फळी कापून त्याने आम्हाला जन्माला घातलं. एकेकीला घासताना तो कुरकुरत होता.

“ताई, जन्मभर बंदच ठेवायच्या, तर झाकणं कशाला करायला लावलीस? सरळ ठोकळे कापून दिले असते.”

“झाकण दिसलं की उघडावंसं वाटतं,” बाई म्हणाल्या. “तो मोह आवरून विचार करायला शिकवायचंय मला.”

“तुझ्या वर्गात मी नव्हतो ते किती बरं झालं!”

मग बाईंनी आम्हाला भरलं. एकीत लोखंडाचा खिळा, दुसरीत तांब्याच्या तारेचं वेटोळं, तिसरीत कोळसा, पाचवीत घट्ट बुचाच्या बाटलीत पाणी. माझ्या वाट्याला आली डांबरगोळी. लोकरीच्या कपड्यांत ठेवतात ना, ती पांढरी. मुलांना वास यावा म्हणून माझ्या झाकणाला पाच बारीक भोकं पाडली. फटीवर लाख वितळवून ओतली, ती गरम असतानाच बाईंनी तिच्यावर अंगठा दाबला आणि माझं वजन करून तळाला लिहिलं : २१४ ग्रॅम. तेव्हापासून मला जग दिसतं ते त्या पाच भोकांतून, टाचणीच्या डोक्याएवढं.

दर शुक्रवारी सातवीचा कोड्याचा तास असायचा. पेटी हलवा, कान लावा, हुंगा, चुंबक फिरवा, तोलून बघा. पण उघडू नका. मग चिठ्ठीवर लिहा. आतलं मूलद्रव्य आहे, संयुग की मिश्रण? स्थायू, द्रव की वायू? जो उघडेल त्याचा कोड्याचा तास वर्षभर बंद. माणसांची गंमत मला तिथेच कळली. काही मुलं मला असं हलवायची जणू मी झोपले आहे. काही दारावर टकटक करावी तशी बोटं वाजवायची. आणि काही जण माझ्याकडे बघायचेच नाहीत, शेजाऱ्याच्या चिठ्ठीकडे बघायचे.

माझी सोबत म्हणजे ती गोळी. सुरुवातीला चांगली खडखडायची. पण आमचं कपाट पत्र्याचं, खिडकीला लागून, आणि मी उन्हाच्या बाजूला सगळ्यांत कडेला. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची. गोळी रोडावत चालली. आधी वाटाण्याएवढी झाली, मग साबुदाण्याएवढी. मी घाबरले. मग एक दिवस कळलं की ती विरघळत नव्हती, वितळतही नव्हती. ती वास होऊन माझ्याच भोकांतून बाहेर जात होती. झाकण न उघडता, लाखेला धक्का न लावता. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला. तिसऱ्या उन्हाळ्यात ती पूर्ण गेली आणि मी रिकाम्या पोटी मागे उरले.

हे बाईंना कळायच्या आत त्या निवृत्त झाल्या. उत्तरांचं बंद पाकीट ठेवून गेल्या. त्यांच्या जागी नवे सर आले.

त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. तिला सगळे पुटपुट म्हणायचे, कारण प्रश्न विचारला की तिचे ओठ हलायचे, पण आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. कोड्याचा तास मात्र तिचा होता. तिथे बोलावं लागत नव्हतं, चिठ्ठी लिहिली की झालं. आणि तिची चिठ्ठी बहुतेक वेळा बरोबर असायची.

एका शुक्रवारी तिच्या वाट्याला मी आले. सगळ्यांसमोर हलवायची लाज वाटली म्हणून मधल्या सुट्टीत ती एकटीच मला घेऊन बसली. तिने कान लावला, नाक लावलं, खूप वेळ विचार केला. चिठ्ठीवर तिने लिहिलं : ‘आत आता हवाच आहे. पण आधी काहीतरी होतं.’

सरांनी पाकीट उघडून वाचलं, “आठ नंबर. डांबरगोळी. संयुग, स्थायू, खडखडते.” त्यांनी मला हलवलं. एकदा, दोनदा. मी काय खडखडणार?

“सर, मधल्या सुट्टीत ही एकटीच होती पेटीपाशी,” मॉनिटर मुलगी म्हणाली. “मी बघितलं.”

सरांनी माझी लाख नखाने चाचपली. उन्हाने ती मऊ होऊन पसरली होती, बाईंच्या अंगठ्याची खूण पुसट झाली होती. “ही वितळवून पुन्हा लावलेली दिसते,” सर म्हणाले. “गोळी कुठंय?”

पुटपुटचे ओठ हलले. कुणालाच ऐकू आलं नाही.

“पुढच्या शुक्रवारी खरं काय ते सांग. नाहीतर तुझा कोड्याचा तास बंद.”

त्या आठवड्यात मला माझ्या चार भिंती पहिल्यांदा इतक्या टोचल्या. सगळं मला माहीत होतं. साक्ष द्यायची तर मीच एकटी होते. आणि माझ्या तोंडाला लाख.

शुक्रवारी ती आली तेव्हा तिच्या हातात कागदाची पुडी होती. टेबलापाशी येऊन ती काहीतरी पुटपुटली.

“मोठ्याने बोल,” सर म्हणाले.

“मावशीच्या ट्रंकेतून आणल्यात,” ती म्हणाली. पुडीत पांढरे कण होते, मोहरीएवढे, आणि शेजारी एक नवी कोरी गोळी. “वर्षापूर्वी हे सगळे या नव्या गोळीएवढे होते. मावशी म्हणाली, दर वर्षी नवीन टाकाव्या लागतात. ट्रंक तर कुणी उघडतही नाही.”



“सर, पेटी तोला ना.”

सरांनी तोललं. २१० ग्रॅम. तळाला लिहिलेले २१४. नव्या गोळीचं वजन केलं. चार ग्रॅम. मॉनिटर पुढे वाकून बघत होती. ती म्हणाली, “पण चोरली असती तरी चारच ग्रॅम कमी झाले असते की.”

“हो,” पुटपुट म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “पण मी आत्ता चोरली असती, तर पेटीला जोरात वास आला असता. हुंगून बघ. जुना आहे, जेमतेम येतोय. आणि लाख फक्त उन्हाच्या बाजूला पसरलीय. मी मेणबत्ती धरली असती तर काजळी लागली असती.”

मॉनिटरने हुंगलं. मग हळूच म्हणाली, “काजळी नाहीये, सर.”

सरांचा चेहरा बदलला. “स्थायूचा थेट वायू,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “संप्लवन. आणि मी तुला चोर ठरवत होतो. चुकलं माझं.” त्यांनी खणातून सुरी काढली. “एकदा उघडूनच टाकू, म्हणजे कुणाच्या मनात शंका नको.”

सुरीचं टोक लाखेला टेकलं. माझं सगळं लाकूड शहारलं. आता उजेड येणार. चारी कोपऱ्यांत येणार.

“नको, सर!”

आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. पुटपुटचाच होता.

“उघडलं की कोडं संपेल. पुढच्या वर्षीच्या मुलांनी मग काय ओळखायचं?”

सगळे हसले, सरही हसले. सुरी खणात गेली. माझ्यावर कागदाची पट्टी चिकटवून त्यांनी नवा प्रश्न लिहिला : ‘आत काय होतं? ते कसं गेलं?’ वर नव्या लाखेचा जाड थर दिला. त्या तासानंतर पुटपुटला कुणी पुटपुट म्हणालं नाही. मला खरंच आनंद झाला. तिला सोडवणारी गोष्ट मला अडकवणारी निघाली, त्याचा राग तरी कुणावर धरू?

पण वर्षं होऊन गेली. मुलं येतात, कान लावतात, ‘काहीच नाही’ म्हणून मला ठेवून देतात. काहीच नाही कसं? मी आहे ना! तुम्ही समजूतदार दिसता, म्हणून विनंती करते. उजव्या कोपऱ्यात नवी लाख जुनीवर नीट बसलेली नाही. तिथे नख घालून जरासं वर

“आठ नंबर कुणाकडे आहे? आणा इकडे.”

सर आले हं. पटकन ऐका, कुणी बघत नसताना नख आधी त्याच कोपऱ्यात